वास्तू आणि देणे

परमुलखात शिकायला गेलेला विद्यार्थी तेथील एखादे इतिहासप्रसिद्ध घर पाहतो, तेव्हा तो त्या घराचा कितपत वारसदार होतो? कोलकात्यात जोडासाँकोची ठाकूरवाडी पाहताना हा प्रश्न टाळता येत नाही. चितपूर रस्त्यावरून, म्हणजे आजच्या रवींद्र सरणीवरून, द्वारकानाथ ठाकूर गल्लीत वळले की ती लाल वास्तू समोर येते. १८६१ मध्ये रवींद्रनाथ येथेच जन्मले, १९४१ मध्ये येथेच गेले. पाहणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

आपल्याकडील आधुनिक चित्रकलेचे एक जन्मस्थान मात्र तेथे पाहायला मिळत नाही. ते शेजारच्या पाच क्रमांकाच्या घरात होते. त्याच्या दक्षिणेकडील व्हरांड्यात अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ चित्रे काढीत. १९२२ च्या डिसेंबरात कोलकात्यात जर्मनीतील बाउहाउसच्या कलावंतांचे प्रदर्शन भरले, तेव्हा गगनेंद्रनाथांची घनवादी वळणाची चित्रे त्यांच्यासोबत होती. १९४१ मध्ये अवनींद्रनाथांना ते घर सोडावे लागले. पुढे ते पाडले गेले. पुण्याईने वास्तू टिकते असे आपण म्हणतो खरे, पण पुष्कळदा ती पैशाने टिकते.

आणि पैसा कोठून आला? द्वारकानाथांनी १८३४ मध्ये 'कार, टागोर आणि कंपनी' काढली. कोळसा, नीळ, रेशीम, साखर हे तिचे व्यवहार. चीनकडे जाणाऱ्या अफूच्या व्यापारातही तिचा हात होता. १८४६ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले आणि दीड-दोन वर्षांत पेढी बुडाली. देवेंद्रनाथांनी आत्मचरित्रात हिशेब दिला आहे: देणे १ कोटीचे, येणे ७० लाखांचे. वडिलांनी काही मालमत्ता विश्वस्तनिधीत घालून ठेवली होती. तिला धनकोंचा हात लागू शकत नव्हता. कायदा मुलाच्या बाजूने होता. त्याने ती मालमत्ताही धनकोंपुढे ठेवली आणि पुढे वर्षानुवर्षे कर्ज फेडले. वडिलांनी कबूल केलेली १ लाखाची धर्मादाय देणगीसुद्धा चुकवली. या घरातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच, आणि ती कोणत्याही खोलीत मांडून ठेवता येत नाही.

पण येथेच विचार अडखळतो. देवेंद्रनाथांनी ज्यांचे देणे फेडले, त्यांची नावे खातेवहीत होती. नीळ पिकवणाऱ्या रयतेचे नाव तेथे नव्हते. कँटनमधल्या अफूबाजाचे तर नव्हतेच. प्रामाणिक माणूसही शेवटी खातेवहीपुरताच प्रामाणिक राहू शकतो काय? म्हणून त्यांचा त्याग लहान ठरत नाही. त्याची सीमा तेवढी दिसते.

मराठी माणसाला हे घर परके वाटत नाही. सत्येंद्रनाथ आपल्या इलाख्यात न्यायाधीश होते आणि त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. सखाराम गणेश देऊस्करांच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये शिवाजीवर कविता लिहिली. पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या सुमारास बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले. हे सारे आपण हक्काने आपल्या जमेच्या बाजूला लिहितो. पण त्याच बंगालमध्ये आया मुलांना निजवताना 'बर्गी' आल्याचे सांगत. बर्गी म्हणजे आपले बारगीर, नागपूरकर रघूजी भोसल्यांचे घोडेस्वार. १७४२ ते १७५१ या काळात त्यांनी गावे लुटली, जाळली. ते आपण केले नाही, हे खरेच. मग तुकोबांचे अभंग तरी आपण कोठे लिहिले?

ज्यांचे देणे होते, त्यांची नावे येथेही लिहिलेली नाहीत. त्या भयाने १७४२ मध्ये कोलकात्याभोवती 'मराठा खंदक' खणायला घेतला; तो पुरा झालाच नाही. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. आज त्या रस्त्याला प्रफुल्लचंद्र राय आणि जगदीशचंद्र बोस या दोन शास्त्रज्ञांची नावे आहेत, आणि शिकायला आलेली आपली मुले तेथून रोज बसने जातात.