ओढ ताटातून येते

मधुमेह असलेल्या माणसाला गोड खावंसं वाटलं की घरचे म्हणतात, ‘जिभेवर ताबा ठेवा.’ हा सल्ला मला अन्यायाचा वाटतो, कारण ही ओढ बऱ्याचदा ताटातूनच येते. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते. प्रथिनांचा वाटा फारच थोडा. सकाळी पोहे, चहाबरोबर बिस्किटं, दुपारी पोळी आणि वर भात. रक्तातली साखर झपाट्याने चढते, आणि ती उतरू लागली की अनेकांची भूक पुन्हा जागी होते. त्या क्षणी निग्रहाची परीक्षा घेण्यापेक्षा आधीच्या जेवणातच उसळ, अंडी, मासे वाढवावेत. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. शिवाय आधी भाजी-उसळ आणि शेवटी भात खाल्ला, तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे प्रयोगांत दिसलं आहे.

कुणी म्हणेल, आपल्या पिढ्या भाकरीवरच जगल्या. खरंय, पण त्यांच्या अंगाला दिवसभराचे कष्ट होते. खर्चाचा आक्षेप मात्र गंभीर आहे: बदाम-पनीर सगळ्यांना परवडत नाही. तरी मोडाची मटकी, मूठभर शेंगदाणे, बिनसाखरेचं ताक बहुतेक घरांत जमू शकतं. भात कायमचा सोडायची गरज नाही, अर्धी मूद ठेवा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र कर्बोदकं एकाएकी कमी करू नयेत. साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. आधी डॉक्टरांना विचारून औषधाची मात्रा ठरवून घ्या, मगच ताट बदला.