खाटकिणीची वही

जर्मनीतल्या हाइलब्रॉन शहरात एक तुर्की खाटकीण होती. (गोष्ट रचलेली आहे, पण तिच्यातलं विष आणि साल दोन्ही खरी.) लसूण-जिरं घालून वाळवलेली सुजुक, म्हणजे तिकडचं सॉसेज, ही तिच्या दुकानाची ख्याती. तिच्या चौकश्यांनी मालवाले मेटाकुटीला यायचे. मांस कुठल्या कत्तलखान्यातलं, किती वाजता निघालं, गाडीत तापमान किती होतं, मीठ किलोला किती ग्रॅम पडलं, सगळं एका जाड वहीत टिपलेलं.

त्या मुलखात अशी चिकित्सा अंगवळणी पडावी हे बरोबरच. शेजारच्या वाइन्सबर्गला युस्टिनुस केर्नर नावाचे डॉक्टर राहायचे, कवीही होते. सॉसेज खाऊन माणसं का दगावतात याचा छडा लावायला त्यांनी ते विष स्वतः चाखलं आणि १८२२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. तेच विष पुढे अतिसूक्ष्म मात्रेत औषध झालं, ज्याला लोक सरसकट बोटॉक्स म्हणतात. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवतं, म्हणून कपाळाच्या आठ्या सैल पडतात.

धाकट्या दिराचं लग्न ठरलं आणि खाटकिणीला आपलं वजन सलू लागलं. मैत्रिणीने इस्तंबूलची जाहिरात दाखवली. तोंडातून दुर्बीण घालून जठराच्या भिंतीत बोटॉक्स टोचायचं. जठर सुस्तावतं, अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, भूक कमी लागते. कापाकापी नाही, टाके नाहीत. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या एका चाचणीत जठर सुस्तावलं खरं, पण नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांपेक्षा वजन काही जास्त उतरलं नाही. हे जाहिरातीत कुठून येणार?

तिने फोनवर विचारलं, "किती किलो उतरतील? हॉटेल धरून किती पडेल?" उत्तरं गोड मिळाली. फेब्रुवारी २०२३ संपता संपता ती जाऊनही आली.

चार दिवसांनी दुकानातल्या काट्यावरचे आकडे तिला दोन-दोन दिसू लागले. पापण्या ओघळल्या, तोंडाला कोरड पडली, पाण्याचा घोट नाकातून परत येऊ लागला. ताप नाही, शुद्ध पूर्ण. खाटीक घराणं म्हटल्यावर इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंचा पहिला संशय सुजुकवर!

नवरा तडक दुकानात गेला आणि वही घेऊन आला. "बघा ना बाई. हा सोमवारचा घाणा, हा मंगळवारचा. तापमान बघा, मीठ बघा."

बाईंनी पानं उलटली. एक रकाना कोरा नव्हता.

"आणि ह्यांच्या पोटात काय टोचलंय? कुठल्या कंपनीचं? किती युनिट?"

त्याने बायकोच्या पर्समधून पावती काढली. हॉटेल, विमानतळावरची गाडी, 'पोटाचा बोटॉक्स'. बस्स.

प्रतिविष दिलं. पण ते रक्तात मोकळं फिरणारं विषच बांधतं, नसांच्या टोकांत शिरलेलं काढून आणत नाही. नवी टोकं फुटेपर्यंत वाट बघायची, तोवर नळीतून अन्न. दिराचं लग्न तिने खाटेवरून, एक डोळा झाकून, फोनवर पाहिलं. मार्चच्या मध्यापर्यंत अशा ६७ रुग्णांची नोंद झाली होती, त्यातले ५३ खुद्द तुर्कस्तानातले. वजन घटवायला जठरात टोचण्यासाठी त्या औषधाला मंजुरीच नव्हती.

उन्हाळ्यात ती पुन्हा गल्ल्यावर बसली. पहिली आली ती शेजारीण.

"अगं बाई, केवढी बारीक झालीस! किती उतरलं?"

"अकरा किलो. गिळताच येत नव्हतं."

"अकरा!" शेजारणीने पर्समधून पेन काढलं. "पत्ता दे ना. आणि हॉटेल धरून किती पडलं?"