लाळ आणि कप

प्रश्न साधा आहे. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडातून गळणारी लाळ जी बाई दिवसभर पुसते, त्या बाईचा चहाचा कप वेगळा का?

समतेवर जाडजूड ग्रंथ आहेत. आत्मा एक, ब्रह्म एक, सगळ्यांत तोच वगैरे. आम्ही ते वाचत नाही असं कुणी समजू नये. मिलमध्ये रात्रपाळीला कापडाची बॅच एकदा मशीनला लागली की वाचायला वेळ मिळतो. पण आत्म्याला कप लागत नाही, माणसाला लागतो. म्हणून मी ब्रह्मापासून नाही, कपापासून सुरुवात करतोय.

डोंबिवलीत घरोघर म्हातारी माणसं आहेत. पोरं पुण्याला, बंगलोरला, कुणाची अमेरिकेत. ज्यांची इथंच आहेत ती सकाळी लोकलला लटकतात ती रात्रीच उगवतात. मग म्हाताऱ्यांना बघायचं कुणी? म्हणून ब्युरो निघाले. फोन केला की बाई हजर. बारा तासांची ड्युटी. हगणंमुतणं, डायपर, अंघोळ, कवळी धुणं, घास भरवणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं. या बायांना मावशी म्हणतात. नातं फुकटात लावायला कुणाचं काय जातं?

या मावशा येतात कल्याण पूर्वेकडून, उल्हासनगरातून, दिव्यातून, कळव्याच्या डोंगरउतारावरून. बऱ्याचशा आमच्यातल्या. माझी आत्या नऊ वर्षं हे काम करतेय. ती सांगते, ब्युरोच्या फॉर्मवर जातीचा रकाना नसतो. तेवढी अक्कल त्यांना आहे. आडनाव विचारतात. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतात. तरीही नाही झाला तर हळूच विचारतात, घरी देव कुठला? एवढं झाल्यावर ठरतं, कुठली बाई स्वैपाकाला जाईल आणि कुठली संडासबाथरूमच्या कामाला.

एका घरात आत्याचा स्टीलचा कप बाल्कनीतल्या खिडकीवर ठेवलेला असायचा. किचनच्या उंबऱ्याआत जायचं नाही. पाणी मागून घ्यायचं. आजीला विसरण्याचा आजार. एके दिवशी आजीनं हात लांब करून आत्याच्या हातातला तो कप घेतला आणि राहिलेला चहा पिऊन टाकला. शांतपणे, फुरके मारत. सुनेनं बघितलं. बोलली काहीच नाही, सुशिक्षित बाई. संध्याकाळी ब्युरोचा फोन आला, उद्यापासून तिकडं जाऊ नका.

यावर आमच्या एका मित्रानं लगेच कवितेसारखं बोलून टाकलं, की बघ, जात विसरायला डोकंच जावं लागतं. टाळी मिळेल असं वाक्य आहे. पण खोटं आहे. आत्यानं दुसऱ्या एका घरात असा आजोबा सांभाळलाय, ज्याला स्वतःच्या पोराचं नाव आठवत नव्हतं, पण ताट समोर आलं की विचारायचा, कुणी केलंय? म्हणजे जात कुठं साठते हे डॉक्टरलाही सांगता यायचं नाही. ती डोक्याखाली कुठंतरी, हाडाबिडात असावी.

आता समोरच्या पार्टीची बाजू मांडतो. नाहीतर म्हणतील ही पोरं फक्त शिव्या देतात. ते म्हणतात, घर हे घर आहे, गिरणी नव्हे, सरकारी कचेरी नव्हे. आपल्या आजारी आईच्या अंगाला कुणाचा हात लागावा हे ठरवायचा हक्क आम्हाला नाही का? आजारी म्हातारीला अंघोळीला बाईच हवी, पुरुष नको, असं म्हटलं तर तुम्ही त्याला भेदभाव म्हणाल का?

नाही म्हणणार. हा मुद्दा वजनाचा आहे, मी तो हसण्यावारी नेत नाही. उघड्या अंगाची लाज ही खरी गोष्ट आहे, आणि ती राखली म्हणून कुणा पुरुषाचं माणूसपण कमी होत नाही. पण इथं काय घडतंय ते नीट बघा. अंगाला हात लावू नको असं कुणी म्हटलेलंच नाही! अंग तर सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत आत्याच्याच हवाली आहे. लाळ तिच्या बोटांवर, गू तिच्या हातावर. स्पर्शाला ना नाही. ना आहे ती कपाला. म्हणजे ज्या अंगाची ढाल पुढं करताय त्या अंगाचा इथं संबंधच नाही. आमच्या अंगाला तुझा हात चालेल, पण आमच्या चहाला तुझं तोंड चालणार नाही, असं हे आहे. हाताला खालीच राबायचं असतं. तोंड मात्र बरोबरीला येऊन बसतं. विटाळ होतो तो बरोबरीचा.

आणि ही लाळेची भानगड आजची नाही. गिरण्यांचा इतिहास सांगताना संप सांगतात, लाल बावटा सांगतात, हे जरा घाईनं उरकतात. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्याला कताईत काम मिळे, विणाई खात्यात मज्जाव. विणकराला पगार जास्त, तो त्या खात्यात. कारण काय? तर धागा तुटला, कांडी बदलली की धागा तोंडानं ओढायचा, थुंकी लावून सांधायचा. महाराच्या थुंकीचा धागा दुसऱ्याच्या तोंडाशी गेला तर? तेच कापड पुढं बाजारात जाई, देवळातल्या भटाच्या कमरेला बसे. त्याच्यात मराठ्याची थुंकी, भय्याची थुंकी, मोमीन विणकराची थुंकी, सगळं चालायचं. थुंकीतही वर्ण होता!

१९२८ साली मुंबईत गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला. तेव्हा बाबासाहेबांनी पुढाऱ्यांसमोर अट ठेवली, की विणाई खात्यात आमच्या माणसाला काम मिळण्याचा हक्क मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या माणसांना संपात कशाला ओढता? वर्गलढ्याच्या पुढाऱ्यांनी ते मानलं, पण खुशीनं नाही. ती मागणी मालकांपुढं गेली तेव्हा मालक काय म्हणाले माहीत आहे? यात अन्याय असेल तर तो आमचा नाही.

आणि गंमत म्हणजे मालक त्या एका गोष्टीत साफ खोटं बोलत नव्हते. मज्जाव टिकवला होता शेजारच्या मागावरच्या कामगारानं. पण मालकाला त्याचा फायदा होता, म्हणून त्यानं तो मोडला नाही. मला सगळ्यात अवघड वाटणारा प्रश्न इथं आहे. नियम कुणाचाच नाही आणि पाळतात सगळे. मग गुन्हेगार कोण? ब्युरोवाला म्हणतो, माझं काही नाही हो, पार्टीला चालत नाही. सून म्हणते, माझं काही नाही, सासूबाईंचं सोवळं. सासूबाई तर कप रिकामा करून बसल्यात. मला वाटतं, ज्याच्या हातात नियम मोडणं होतं आणि ज्यानं मोडला नाही, नियम त्याचाच. कुणी केला हे शोधत बसलात तर मनूपर्यंत जाल, आणि तो काही कोर्टात यायचा नाही.

घर वेगळं आणि कामाची जागा वेगळी म्हणतात, त्यांनी आमच्या कल्याणच्या रेल्वेकडं बघावं. जी.आय.पी.च्या अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेब तिथंच बोलले, ते सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच भाषणात आणखी एक बारीक गोष्ट आहे. आमचा माणूस रेल्वेत गँगमन म्हणून घाम गाळतो, पण त्याला साधा पोर्टरही करत नाहीत. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचंही काम करावं लागतं, आणि मास्तर सवर्ण. म्हणजे रेल्वे सरकारची आणि भरती मास्तरीणबाईच्या चुलीपाशी! तेव्हा घर चालत चालत स्टेशनात आलं होतं. आज डोंबिवलीत कामाची जागा चालत चालत घरात गेलीय. पगार, पाळी, ड्युटी, खाडा, सगळं आहे तिथं. मग ते घर कसं?

कायदा? आहे की. घटनेचं १७ वं कलम फक्त सरकारला नाही, प्रत्येकाला लागू आहे. १९५५ च्या कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली आणि अस्पृश्यतेवरून कुठल्याही नोकरीत आडकाठी करणं हाही गुन्हा ठरला. १९८९ चा कायदा त्याहून कडक. घरकामगारांसाठी महाराष्ट्रानं २००८ साली मंडळाचा कायदा केला. मी आत्याला म्हटलं, तक्रार दे. ती म्हणाली, "साक्षीला कोन, म्हातारी? तिला सकाळचं दुपारी आठवत नाय." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

उलट एक जागा अशी आहे जिथं आम्हाला कुणी अडवत नाही. मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळीला एका मोठ्या सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीत तीन सफाई कामगार गुदमरून मेले. माणसाला असं जीव धोक्यात घालून उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. सुप्रीम कोर्टानं अशा मरणाची भरपाई २०१४ साली दहा लाख ठरवली होती, २०२३ साली तीस लाख केली. भाव वाढला. पण टाकीच्या झाकणापाशी आडनाव विचारून, तुम्ही उतरू नका, हे आमच्या लोकांचं काम, असं म्हणणारा सेक्रेटरी मी अजून बघितलेला नाही. बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलंय, की जात ही नुसती कामाची वाटणी नव्हे, काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे. वर कोण, खाली कोण, आणि त्या टाकीत कोण.

आता आमच्याकडचं सांगतो, कारण बोट नेहमी डोंबिवलीच्या बायांकडंच दाखवणं सोपं आहे. आमच्या मिलमध्ये रंगखात्यातले आम्ही सगळे रात्री दोन वाजता एकाच किटलीतला चहा पितो. जातबीत कुणी काढत नाही. पण सफाईची पोरं कॉन्ट्रॅक्टवाल्याची. ती जेवणाच्या खोलीत बसत नाहीत, बॉयलरच्या मागं पत्र्याखाली डबा उघडतात. कुणी बंदी केलीय? कुणीच नाही. विचारलं तर आमचेच कामगार म्हणतात, त्यांनाच तिथं बरं वाटतं.

पुढच्या महिन्यात मागण्यांची यादी व्हायची आहे. जेवणाच्या खोलीत सफाईवाल्यांना जागा आणि त्यांच्या डब्यांना फळी, अशी एक ओळ मी लिहून दिली. युनियनवाले म्हणाले, आधी पगाराचं होऊ दे, हे मागाहून बघू, एकी फुटेल. कुणाची एकी, असं विचारलं तर गप्प बसले. मी त्यांना सांगून ठेवलंय, ती ओळ ज्या कागदावर असेल त्याच कागदावर माझी सही होईल. आमच्या खात्यातल्या अकरा जणांनी तसंच म्हटलंय. दोघं अजून विचार करतायत.