लेबल आणि वस्तू

घरच्या प्रिंटरवर छापायच्या चिकट लेबलाचे तीन थर असतात: वर छपाईचा कागद, त्याखाली दाबाने चिकटणारा डिंक आणि तळाशी सिलिकॉनचा लेप दिलेला कागद. लेबल सहज सुटून यावे म्हणून हा लेप असतो. स्टँटन एव्हरी यांनी १९३५ मध्ये अमेरिकेत अशा स्वयंचिकट लेबलांचा उद्योग सुरू केला. त्याआधी लेबलाला वेगळी खळ लावावी लागे किंवा मागचा सुका डिंक ओला करावा लागे. आता ए-फोर कागदावर ६४ × ३४ मिलिमीटरची २४ लेबले घरच्या घरी छापता येतात. वस्तू करणारा आणि तिला नाव देणारा अशा वेळी एकच असतो. त्यामुळे भारतीय दर्शनांचा एक जुना प्रश्न इथे प्रत्यक्ष हाताळता येतो: नाव वस्तूशी मुळातूनच जोडलेले असते, की बाहेरून चिकटवलेले?

मीमांसा दर्शन मानणाऱ्या मीमांसकांच्या मते शब्द आणि अर्थ यांचा संबंध ‘औत्पत्तिक’, म्हणजे स्वाभाविक आणि नित्य आहे. तो कोणी माणसाने ठरवलेला नाही. कारण तसे ठरवायलाही आधी शब्दच लागतील. न्याय दर्शनाच्या नैयायिकांना हे मान्य नाही. संबंध स्वाभाविक असता, तर ‘अग्नी’ म्हणताच तोंड भाजले असते आणि ‘अन्न’ म्हणताच ते भरले असते, असा न्यायसूत्रांतला युक्तिवाद आहे. म्हणून शब्दार्थाचा संबंध हा संकेत होय. लेबलाचा अनुभव नैयायिकांच्या बाजूचा आहे: ‘गोडा मसाला’ ही अक्षरे रिकाम्या बरणीवरही तितकीच घट्ट बसतात. तरी मीमांसकांचे म्हणणे पूर्ण वाया जात नाही. लेबल छापणारा ‘गोडा मसाला’ हा शब्द घडवत नाही. तो त्याला वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून मिळालेला असतो.

बौद्ध आचार्य दिङ्नाग यांनी नावाचे कार्य वेगळ्या रीतीने सांगितले. शब्द वस्तूचे स्वरूप थेट पकडत नाही. तो तिला इतरांपासून वेगळे काढतो. हाच ‘अपोह’ सिद्धान्त. मीठ आणि पिठीसाखर शेजारी ठेवलेल्या फळीवर तो लगेच पटतो. ‘मीठ’ या लेबलातून खारटपणा कळत नाही. ही साखर नव्हे, एवढे मात्र पक्के कळते.

सर्वांत बारीक विभागणी जैन दर्शनात आढळते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप, म्हणजे शब्द वस्तूला लावण्याच्या चार रीती, सांगितल्या आहेत. लोणच्याच्या जुन्या बरणीत आता मूग असतील, तर तिच्यावरचे ‘लोणचे’ हे लेबल नुसते नाम. लेबलावर छापलेले कैरीचे चित्र ही स्थापना. कैऱ्या अजून चिरायच्या आहेत आणि त्यांनाच लोणचे म्हटले जाते, तेव्हा ते द्रव्य. कारण त्या पुढे लोणचे होणार आहेत. बरणीत या क्षणी खरोखर मुरलेले लोणचे असेल, तर तो भाव. छपाईची सारी काळजी नामापुरतीच पुरते. छपाईचे प्रमाण (स्केल) शंभर टक्के ठेवावे, म्हणजे मजकूर चौकटीबाहेर सरकत नाही. आधी साध्या कागदावर छापून तो लेबलांच्या कागदावर ठेवून उजेडात धरावा. इंकजेटसाठीचा कागद लेझर प्रिंटरमध्ये घालू नये. तिथल्या उष्णतेने डिंक वितळू शकतो. हे सारे नीट जमले, तरी नाम भावाला धरून आहे की नाही, हे कोणताही प्रिंटर तपासत नाही.

ती तपासणी छापणाऱ्याकडे येते. न्यायदर्शनात शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा म्हणून. न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांच्या मते आप्त म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. पहिली अट घरच्या कारागिराइतकी क्वचितच कोणी पुरी करू शकेल. फोडणीत कोणते तेल पडले, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. दुसरी अट मात्र सर्वस्वी त्याच्या मनावर अवलंबून आहे. वस्तू विकायची असेल, तर भारतातले पाकीटबंद वस्तूंसाठीचे २०११ चे वैधमापन नियम उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन आणि किंमत लिहायला लावतात. खाद्यपदार्थांच्या नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात आणि शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका छापावा लागतो. उपास करणारा, एखादा पदार्थ न सोसणारा रुग्ण, व्रतस्थ माणूस हे सगळे झाकण उघडण्याआधी या अक्षरांवरच विसंबतात.

म्हणून नाव हा संकेत असला, तरी दुसरा माणूस त्यावर विश्वास टाकतो तेव्हा तो संकेत वचन होतो. डिंक फक्त कागद चिकटवतो. नाव वस्तूला जोडलेले राहते ते देणाऱ्याच्या सत्यनिष्ठेने. बरणीतला पदार्थ बदलला, की जुने लेबल आधी काढावे.