आराम, कष्ट आणि व्यायाम



गेल्या हिवाळ्यात माझी आई तीन महिन्यांसाठी अमवाजला आमच्याकडे आली होती. वय ७६. अमरावती जिल्ह्यातील आमच्या गावी तिने चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या शेतात निंदण केले, कापूस वेचला, डोक्यावर भारे वाहिले. विमानतळावर मी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि त्यानंतर तिच्या हातातले एकेक सगळेच काढून घेत राहिलो. इथे खाली उतरायला लिफ्ट आहे, कपडे धुवायला मशीन आहे, पाण्याच्या बाटल्या दुकानातला मुलगा दारापर्यंत आणून देतो. आईने झाडू हातात घेतला की सूनबाई म्हणे, "आई, राहू द्या, तुम्ही बसा." आई बसली. सोफ्यावर, मग पलंगावर, मग पुन्हा सोफ्यावर.

दोन महिन्यांनी एका शुक्रवारी आम्ही एका उपासकांच्या घरी वंदनेला जमलो होतो. त्रिसरण-पंचशील झाले. पंचांग प्रणामासाठी आई गुडघ्यांवर वाकली, आणि तिला उठता येईना. दोघी उपासिकांनी काखेत हात घालून तिला उभी केली. परत येताना गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग एवढेच म्हणाली, "गावी असताना तं मी उठत होती."

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे आणि तो तुमच्यापुढे मांडावासा वाटतो. म्हातारपणी शरीर बळकट ठेवणे हा देहाचा मोह आहे की कर्तव्य? आणि आपण प्रेमाने ज्यांना बसवून ठेवतो, त्यांचे भले करतो की नुकसान?

पहिल्या प्रश्नावर आपल्यात एक तयार उत्तर असते. देह अनित्य आहे, जरा-मरण कुणालाच चुकले नाही, मग त्याचे एवढे लाड कशाला? हे ऐकायला धम्माचे वाटते. पण मिलिंद राजाने भदंत नागसेनांना जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता. भिक्खूंना शरीर प्रिय असते का? नागसेन म्हणाले, नाही. मग त्याची एवढी काळजी का घेता? नागसेनांनी उलट विचारले, युद्धात बाण लागून तुम्हाला जखम झाली, तिला मलम लावले, पट्टी बांधली, तर ती जखम तुम्हाला प्रिय होती म्हणून का? राजा म्हणाला, नाही, मांस भरून यावे म्हणून. शरीराचेही तसेच, असे नागसेनांचे म्हणणे. मला हे उत्तर फार मोलाचे वाटते, कारण त्यात शरीराचे कौतुकही नाही आणि हेळसांडही नाही.

स्वतः तथागतांनी उपासमारीने शरीर काडीसारखे करून पाहिले होते. त्या वाटेने काही हाती लागत नाही हे कळल्यावर त्यांनी अन्न घेतले आणि मगच ते बोधिवृक्षाखाली बसले. ऐंशीव्या वर्षी ते आनंदांना म्हणाले की हे शरीर आता पट्ट्यांनी बांधून चालवलेल्या जुन्या गाड्यासारखे झाले आहे. पण त्याच वर्षी तो गाडा राजगृहापासून कुशीनगरपर्यंत पायी चालला. पाठ दुखू लागली की ते सारिपुत्तांना उपदेश करायला सांगत आणि आडवे होत, हेही त्रिपिटकात नोंदलेले आहे. चंक्रमणाचे जे पाच लाभ त्यांनी सांगितले, त्यांत दूर चालण्याची ताकद, कमी आजारपण आणि खाल्लेले नीट पचणे हे तीन सरळसरळ शरीराचे आहेत. नकुलपिता नावाचा वृद्ध उपासक आपल्या जर्जर शरीराची तक्रार घेऊन आला, तेव्हा शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ देऊ नकोस, असा उपदेश त्याला मिळाला. हे वचन आपण अंथरुणावर पडलेल्या माणसाला धीर म्हणून सांगतो, ते योग्यच आहे. पण चालू शकणारा माणूस ते न चालण्याची सबब म्हणून वापरू लागला, तर काय म्हणावे?

दुसरे उत्तर खास आपले आहे आणि त्याचे उत्तर देणे मला जास्त जड जाते. ते असे: आमच्या आई-बापांनी, आजोबा-पणजोबांनी जन्मभर शरीरच झिजवले. गावकीची कामे केली, मेलेली ढोरे ओढली, गिरण्यांत रात्रपाळ्या केल्या. आता लेकरे शिकली, परदेशी आली. आता तरी त्यांनी बसून खाऊ नये का? मी आईला सकाळी लगूनभोवती फिरायला नेऊ लागलो, तेव्हा तीही हेच म्हणाली: "आता या वयात मले पहिलवान बनवतं का?" तिच्या बोलण्यात गंमत होती, पण थोडा अपमानही होता. कष्ट हे तिच्या लेखी गरिबीचे चिन्ह आहे. त्यातून सुटका म्हणजे बसणे.

२०२० च्या जुलैमध्ये, टाळेबंदीत, पुण्यातील ८५ वर्षांच्या शांताबाई पवार रस्त्यावर लाठीकाठी फिरवतानाचे चित्रीकरण देशभर पाहिले गेले. साऱ्यांनी त्यांच्या ताकदीचे कौतुक केले. मीही केले. नंतर लक्षात आले की ती बाई व्यायाम करत नव्हती, नातवंडांच्या पोटासाठी ८५ व्या वर्षी रस्त्यावर उभी होती. तिच्या बळाला सलाम करताना तिच्यावर ती वेळ का आली हे विसरणे मला बरे वाटत नाही. म्हणून हेही स्पष्ट लिहितो की हा लेख बहरीनमध्ये दिवसभर बांधकामावर उभ्या असणाऱ्या आपल्या बांधवांसाठी नाही. उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करण्यास इथे मनाई आहे, ती त्यांच्या शरीरासाठी आहे. त्यांना सावली हवी, झोप हवी, पुरेसे जेवण हवे. त्यांना कुणी दंडबैठका सांगू नयेत.

कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे तो इथेच. एकात शरीर दुसऱ्याच्या हुकमावर झिजते, त्याला थांबायची मुभा नसते. दुसऱ्यात किती करायचे, कधी थांबायचे हे आपल्या हाती असते. अष्टांगिक मार्गातला 'सम्यक व्यायाम' म्हणजे काही जोर-बैठका नव्हेत, तो मनाचा प्रयत्न आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही आपल्या भाषेत हा एकच शब्द दोन्हींना पुरतो, याचे मला बरे वाटते.

आणखी एक गोष्ट ऐकू येते. बाबासाहेबांनी तरी कुठे शरीराकडे पाहिले? आपल्यासाठी देह झिजवला. खरे आहे. मधुमेह होता, पाय दुखत होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेताना हातात काठी होती, आणि आठ आठवड्यांच्या आत, ६ डिसेंबरला, ते गेले. वय अवघे ६५. पण त्यांचे शरीर आळसाने नाही, कामाच्या ओझ्याने खचले, कारण ते ओझे वाटून घ्यायला माणसे अपुरी होती. आज आपल्यापैकी कितीजण पासष्टीत आहेत! त्यांना आणखी दहा वर्षे मिळाली असती तर, असे आपण दर ६ डिसेंबरला म्हणतो. ती दहा वर्षे आपल्याला मिळताहेत, आणि आपण ती सोफ्यावर काढतो. त्यांचे नाव आपल्या आळसाला जोडू नये, एवढेच मला वाटते.

आखातातल्या आपल्या लोकांचा एक वेगळाच हिशेब असतो. नोकरी संपली की व्हिसा संपतो, म्हणून साठीच्या आसपास परत जायचेच. त्यासाठी आपण गावी किंवा नागपूर-पुण्याला घर बांधून ठेवतो, बहुतेक दुमजली. पैशाची तजवीज असते, पण जिना चढणाऱ्या गुडघ्यांची नसते. स्नायू तिशी-चाळिशीनंतर कमी होऊ लागतात, साठीनंतर वेगाने. केवळ चालण्याने ते भरून निघत नाहीत, त्यांना वजन पेलावे लागते. जागतिक आरोग्य संघटना ६५ पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासारखी हालचाल सांगते, शिवाय दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. उशीर झाला असे समजू नका. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतले. ज्यांनी ते पूर्ण केले त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली.

आम्ही आईसाठी फारसे काही केले नाही. काढून घेतलेले परत दिले. कणीक ती मळू लागली. पाण्याच्या दोन लहान बाटल्या दोन हातांत घेऊन ती लिफ्टपासून दारापर्यंत येई. हात न टेकता खुर्चीवरून उठायचे, आधी तीन वेळा, मग पाच. सूनबाई मोजायची. पहिल्या आठवड्यात गुडघे दुखले, तेव्हा डॉक्टरांना विचारून दोन दिवस थांबलो. हृदयविकार, रक्तदाब किंवा चक्कर येण्याचा त्रास असणाऱ्यांनी सुरू करण्यापूर्वीच विचारावे.

प्रसेनजित राजा पोटभर जेवून धापा टाकत तथागतांकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला झिडकारले नाही, मिताहारावरची एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती रोज जेवताना म्हणायला नेमले आणि हळूहळू त्याचे जेवण आटोक्यात आले, शरीर हलके झाले. राजालाही आठवण करून देणारे कुणी लागले. त्यामुळे आमच्या शुक्रवारच्या वंदनेनंतर आता पंधरा मिनिटे खुर्चीवरून उठण्या-बसण्यासाठी ठेवली आहेत. सध्या सहाजण करतात, बाकीचे चहा घेतात आणि हसतात. थंडीत लगूनच्या काठाने चालणेही होते. उन्हाळा सुरू झाला की हे सगळे घरातच.

आई गावी परतली आहे. परवा फोनवर सांगत होती की पुतणीच्या लग्नात चार दिवस खाडा झाला, आता पुन्हा सुरू केले. किती होतात विचारले, तर म्हणाली, आठ. नववीला खुर्ची धरावी लागते.