पायरीखालचं

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी लेकीकडे अमेरिकेत तीन महिने राहून आले. बेळगावला परतल्यावर जो तो विचारायचा, काय काय बघितलंस? नायगारा बघितला, शिकागो बघितलं, सगळं सांगितलं. पण मनात घर करून राहिल्या त्या दोन पायऱ्या, आणि त्याही एका गाडीतल्या.

गाडीत कसल्या पायऱ्या, असं तुम्हाला वाटेल. तिकडे लोक घरच गाडीमागे जोडून फिरतात. ओटा, न्हाणी, पलंग, सगळं आत. त्याला आर.व्ही. म्हणतात. लेक इंडियाना राज्यात राहते. त्याच राज्यातल्या एल्कहार्ट भागात या गाड्यांचे कारखाने इतके आहेत, की अमेरिकेतल्या बहुतेक आर.व्ही. तिथेच तयार होतात. जावयांनी एक जुनी गाडी हौसेनं विकत घेतली होती. तिचा पुढचा भाग ट्रकच्या पाठीवर टेकतो, म्हणून आतली तेवढी जमीन उंच असते. उंचावर झोपायची खोली आणि न्हाणी, खाली बैठक आणि स्वयंपाक. मधे चढायला दोन पायऱ्या, तिसरं पाऊल थेट खोलीत.

पहिल्याच दिवशी मी चढले आणि दुसऱ्या पायरीवर पाऊल किंचित आत गेलं. पडले नाही, पण पोटात धस्स झालं. वर नवंकोरं करडं कार्पेट, मऊ, स्वच्छ. जावई म्हणाले, "आई, तुमचं वजन ते किती! तुमच्यानं दबली म्हणजे काहीतरी गडबड आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्पेट उचकटलं. खाली लाकडाचे तुकडे दाबून केलेली पातळ फळी होती, ती ओल्या बिस्किटासारखी हातात आली. शेजारच्या न्हाणीच्या मोरीचा सांधा कधीचा गळत होता, ते पाणी पायऱ्यांच्या पोटात मुरत राहिलं होतं. काळे डाग, कुबट वास, गंजलेल्या पिना. ज्यानं गाडी विकली त्याला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागाच नव्हती, कारण कुजक्या फळीवर एक आडवी पट्टी ठोकून मग वर कार्पेट घातलेलं होतं. नवं कार्पेट शोभेसाठी नव्हतं, झाकणासाठी होतं.

पुढचे दोन शनिवार-रविवार आम्ही त्या पायऱ्या नव्यानं केल्या. आम्ही म्हणजे जावयांनी. मी फळी धरायची, स्क्रू हातात द्यायची, चहा करायची. आधी मोरीचा सांधा बदलला, सगळं आठवडाभर पंखा लावून वाळवलं. मग पाइनच्या दांड्यांचा सांगाडा आणि वर पाऊण इंची प्लायवूड. पिना नाहीत, गोंद आणि स्क्रू. गाडी रस्त्यावर सतत हादरते, त्यामुळे नुसत्या ठोकलेल्या वस्तू ढिल्या होतात, असं जावई सांगत होते.

त्यात एक गोष्ट मला नवीन कळली. खालच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत उंची होती साडेबावीस इंच. तीन पावलांत सारखी वाटायची म्हणजे प्रत्येकी साडेसात. सांगाडा साडेसातच्या मापानं कापला आणि वर फळी ठेवली, तर पहिली पायरी झाली सव्वाआठ आणि शेवटचं पाऊल राहिलं पावणेसात! फळीची जाडी हिशेबात धरायची राहिली होती. सांगाडा खालून पाऊण इंच कापावा लागला. मी म्हटलं, "एवढ्याशानं काय होतंय?" तर जावई म्हणाले, "आई, तिकडे घर बांधायच्या नियमात एका जिन्यातली सगळ्यात उंच आणि सगळ्यात ठेंगणी पायरी यांच्यात एक इंचाच्या तीन-अष्टमांशापेक्षा जास्त फरक चालत नाही. गाडीला तो नियम नसेल, पण पाय तोच असतो ना." माणूस पहिली पायरी बघून चढतो, पुढच्या न बघता. पायानं एकदा माप घेतलं की तो पुढं विश्वासानं चालतो. म्हणून लोक जिन्यात ठेचकाळतात ते उंच पायरीमुळे कमी आणि वेगळ्या पायरीमुळे जास्त.

हे ऐकलं आणि मला माझी धाकटी नणंद आठवली.

ही गोष्ट मी तोवर कुणाला सांगितलेली नव्हती, लेकीलाही नाही. नणंदेला शाळेत असताना फिट यायच्या. औषधांनी बंद झाल्या होत्या, पण रात्रीची एक गोळी चालू होती. १९९७ साली तिला स्थळ आलं. चांगलं घर, आपल्यातलंच, मुलगा कमावता. सासूबाईंनी मला आत बोलावून बजावलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणी विचारलं तरच बोलायचं, आणि तेही बेतानं." कायद्याचीही भीती होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, जो आपल्याला जैनांनाही लागू आहे, वारंवार फिट येणं ही लग्न रद्द ठरवता येण्याजोगी गोष्ट होती. तो शब्द कायद्यातून गेला १९९९ साली. म्हणजे सासूबाई काही वाईट बाई नव्हत्या. लेकीचं कसं होणार या काळजीनं त्या रात्र-रात्र जागायच्या.

बघायला आले तेव्हा मुलाची आई स्वयंपाकघरात आली. माझ्या हातात पोह्यांच्या बशा. त्यांनी सहज विचारलं, "मुलीची तब्येत बरी हाय न्हवं?" मी म्हटलं, "हो, एकदम बरी." आणि लग्नाच्या आदल्या रात्री नणंदेनं मला विचारलं, "वैनी, त्यांना सांगितलंय न्हवं?" तिलाही मी म्हटलं, "सगळं बोलणं झालंय. तू निवांत झोप."

ती निवांत झोपली. सासरी गेली आणि चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर पाणी घेऊन गोळी घेतली, कारण तिच्या मते सगळ्यांना ठाऊक होतं. "कसली गोळी गं?" एवढ्या एका प्रश्नात तिच्या पायाखालची फळी गेली.

त्यांनी तिला टाकलं नाही. नवरा समजूतदार निघाला. फिटही नंतर दोनदाच आली. पण सासू असेपर्यंत तिच्या साध्या बोलण्यावरही कुणी चटकन विश्वास ठेवला नाही. "तुमच्या घरचं बोलणं आम्हाला ठाऊक आहे," हे तिनं किती वर्षं ऐकलं. तिच्या आजाराला कुणी नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं ते आमच्या झाकण्याला, आणि ते सोसलं तिनं.

इकडे पायऱ्या छान झाल्या आणि नेमकी लेकीच्या नोकरीची बदली ठरली. गाडी विकायची झाली. पायऱ्या पक्क्या होत्या, पण न्हाणीच्या भिंतीखाली वीतभर जमीन तशीच काळी राहिली होती. कोरडी होती, गळती थांबली होती. पण ती बदलायची तर अख्खी न्हाणी काढावी लागली असती. जावई म्हणाले, "कुणी विचारलं तर सांगू. नाही विचारलं तर आपण कशाला काढायचं? इथे जुनी गाडी आहे त्या स्थितीतच विकतात." त्यांच्या तोंडून मला सासूबाईच बोलताना ऐकू आल्या.

रात्री मी लेकीला आणि जावयांना नणंदेची सगळी हकीकत सांगितली. लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, खरं सांगितलं असतं तर आत्याचं लग्न झालं असतं?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. कदाचित ते स्थळ मोडलं असतं. खरं बोलल्यानं भलंच होतं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या रात्री एक मात्र स्पष्ट झालं. झाकणं आणि फसवणं यांत फरक आहे, आणि तो आपण काय झाकलं यात नसून कुणापासून झाकलं यात आहे. शेजारणीला, भिशीतल्या बायकांना नणंदेच्या गोळीशी काय करायचं होतं? त्यांच्यासाठी मूठ झाकलेलीच बरी. पण जो माणूस त्या पायरीवर आपलं सगळं वजन टाकणार आहे, त्याला खाली काय आहे ते कळायलाच हवं. त्या घराला कळायला हवं होतं. आणि त्यांच्याइतकंच नणंदेला कळायला हवं होतं, की आम्ही काही सांगितलेलं नाही. वजन तिचंही पडणार होतं.

लहानपणी पाठशाळेत आम्ही तत्त्वार्थसूत्रातले व्रतांचे अतिचार पाठ करायचो. त्यात प्रतिरूपक व्यवहार येतो, म्हणजे हलकी वस्तू चांगली म्हणून खपवणं. आम्हाला वाटायचं, हे दुधात पाणी घालणाऱ्यांसाठी असणार. तो अतिचार असत्याखाली येत नाही, अचौर्य व्रताखाली येतो, याचा अर्थ मला पन्नाशी उलटल्यावर लागला. ही चोरी कशाची? समोरच्याच्या निर्णयाची. खरं कळलं असतं तर त्यानं काय ठरवलं असतं, ते ठरवायचा त्याचा हक्क आपण गुपचूप काढून घेतो.

जावयांनी दुसऱ्या पायरीच्या उभ्या फळीला बिजागरी लावून छोटं दार केलं. ते उघडून बॅटरी मारली की आतला काळा भाग दिसतो. पहिलं जोडपं बघून, आभार मानून निघून गेलं. दुसऱ्यांनी आठशे डॉलर कमी करून घेतले आणि गाडी नेली. लेकीला आठशे डॉलरचं वाईट वाटलं. मलाही वाटलं. खरेपणाला किंमत पडते, आणि ती कुणाला तरी द्यावी लागते. आम्ही दिली नसती तर त्या दुसऱ्या जोडप्यानं दिली असती, इतकंच.

मी तिथूनच नणंदेला फोन केला. म्हटलं, "त्या रात्री मी तुझ्याशी खोटं बोलले." ती म्हणाली, "वैनी, मला चौथ्या दिवशीच कळलं होतं की." थोडं थांबून म्हणाली, "पण तुम्ही कधी बोलला नव्हता. आज बोललात, बरं केलंत." मग तिनं तिकडे पाऊस आहे का विचारलं.

आता आपल्या वधू-वर मेळाव्यांचे दिवस येतील. परिचयपत्रकात सगळं छापा असं मी म्हणत नाही. ते पत्रक हजार जणांच्या हातात पडतं. पण बोलणी पुढं सरकली की सुपारी फुटण्याआधी एकदा समोरासमोर बसा आणि पायरीचं दार उघडून दाखवा. आणि आपल्या मुलीला, आपल्या मुलाला सांगा, की आम्ही हे दाखवलेलं आहे. दाखवलं नसेल, तर निदान तिला तरी "निवांत झोप" असं म्हणू नका.