आतली कड

चांगला कारागीर ओळखावा कसा? मोटारीला रुंद टायर बसवले, की खड्ड्यात चाक वर येऊन टायर मडगार्डाच्या आतल्या कडेला घासतो. मग ती कड वर दुमडून घ्यावी लागते. काम बोटभर पत्र्याचे. परंतु माणसाची परीक्षा तेथेच होते.

जाणता मिस्त्री आधी गरम हवेने रंग मऊ करतो, मग चाकाच्या जागी बसवलेला रोलर हलक्या हाताने पुनःपुन्हा फिरवतो. उतावळा थंड पत्र्यावरच जोर लावतो. त्या दिवशी दोन्ही गाड्या सारख्याच चकचकीत! पण थंड पत्र्यावरचा रंग आत तडकतो, पावसाचे पाणी शिरते, गंज धरतो. तोवर पैसे केव्हाच चुकते झालेले असतात.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ घडणीतील फेरफारांवर बंधन घालते. "मास्तर, मूळ मापाचेच टायर घाला," असे सांगून जो हातचे गिऱ्हाईक घालवतो, त्याच्याच हाती मी गाडी निर्धास्तपणे देईन. कारण न दिसणाऱ्या कडेलाही तो तसाच जपेल. आम्हा शिक्षकांचे तरी काय वेगळे? तपासणीचे साहेब येतात वर्षातून एकदा; मुले समोर असतात रोज.